फंड कापला, पुढे काय?

(कर्वेनगर येथील कामगार अभ्यासवर्गात केलेले भाषण)



भविष्यनिर्वाह निधी, म्हणजे आपला फंड, हा मालकाने केलेला उपकार नव्हे. तो लांबणीवर टाकलेला पगार आहे. १९५२ च्या कायद्याने तो हक्क मिळाला, आणि मिळाल्यावर आपण त्याची विचारपूस सोडली, असे खेदाने म्हणावे लागते.

पगारपत्रकावर कपात दिसली की कामगार निश्चिंत होतो. परंतु कापलेला पैसा जमा झाला की नाही, हे पासबुकच सांगते. भरणा पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हायला हवा. कापून न भरणे हा फौजदारी विश्वासघात आहे. कारखान्यातला ठेकेदार पळाला, तर मूळ मालकालाही हात झटकता येत नाहीत. मूळ वेतन कमी दाखवून बाकीचा पगार 'भत्ता' म्हणून देण्याची युक्तीही जुनीच. सर्वांना सरसकट मिळणारा भत्ता फंडासाठी वेतनातच धरावा, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला आहे.

आता आपल्या चुका. मालकाचे १२ टक्के पासबुकात पूर्ण दिसत नाहीत, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. त्यात चोरी नसते. त्यांतील ८.३३ टक्के, १५,००० रुपये वेतनाच्या मर्यादेत, १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत जातात. खरा घात पुढे होतो. समजा, एकाने चार वर्षांनी नोकरी सोडली आणि फंडाबरोबर पेन्शनचीही रक्कम उचलली. पुढे दुसरीकडे सात वर्षे काम केले. सेवा अकरा वर्षांची, पण हिशेबात सातच. मासिक निवृत्तिवेतनाला दहा लागतात. पेन्शनची रक्कम न काढता योजना-प्रमाणपत्र घेतले असते, तर १५,००० च्या वेतनावर दरमहा सुमारे २,३५७ रुपये बसले असते. रक्कम तुटपुंजी आहे, ती वाढलीच पाहिजे. पण पश्चात पत्नीलाही काही मिळते. शिवाय पाच वर्षांच्या आत फंड काढला तर तो करपात्र ठरू शकतो, आणि नोकरी बदलताना खाते पुढे नेले तर जुनी सेवा धरली जाते.

ज्या अण्णा कर्व्यांनी १९०० साली विधवांचा आश्रम इथे हिंगण्याला आणला, त्यांच्या नावाच्या या वस्तीत नामनिर्देशनाविषयी सांगावे लागावे, याची मला लाज वाटते. लग्नापूर्वी भावाच्या नावे केलेले नामनिर्देशन लग्नानंतर टिकत नाही. नवे करावे लागते. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या अर्जावर लग्नानंतर नऊ वर्षे थोरल्या भावाचेच नाव होते! कामगार गेल्यावर त्याच्या पत्नीने कचेरीच्या पायऱ्या झिजवायच्या, त्याही नाव, जन्मतारीख वा आधारवरील स्पेलिंग जुळत नाही म्हणून.

पुढच्या रविवारी पासबुके घेऊन या. तारखा, नावे आणि नामनिर्देशन आपण एकेक करून तपासू.