तारेचा पीळ

हाउसिंग सोसायट्यांच्या बैठकांत हल्ली एक तक्रार वारंवार ऐकू येते. फाटकावरचा कॅमेरा दिवसभर उत्तम चालतो आणि अंधार पडला की बंद पडतो. थोड्या वेळाने आपोआप सुरू होतो, पुन्हा मान टाकतो. सकाळी दुरुस्तीवाला येतो तेव्हा चित्र स्वच्छ असते. कॅमेरा बदलून होतो, नेटवर्कचा स्विच बदलून होतो, महिना-दोन महिने जातात, तक्रार जागच्या जागी.

अशा वेळी दोष अनेकदा भिंतीतल्या केबलमध्ये निघतो. हे कॅमेरे ज्या केबलमधून चित्र पाठवतात, तिच्यातूनच वीजही घेतात. रात्री कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे लागतात आणि विजेची मागणी वाढते. केबल पुरेशा जाडीच्या तांब्याची असेल तर मागणी भागते. पण बाजारात अशीही केबल मिळते जिच्या तारेला वरून तांब्याचा मुलामा असतो आणि आत अॅल्युमिनियम. अॅल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त आहे, त्यातून स्वस्त केबलची तार बारीकही असते. सत्तर-ऐंशी मीटर पलीकडे पोचेपर्यंत विजेचा दाब इतका उतरतो की कॅमेरा बंद पडतो. तो बंद पडला की दिवे विझतात, मागणी कमी होते, दाब सावरतो, कॅमेरा जागा होतो आणि दिवे पुन्हा लागतात. रात्रभर हेच चालू.

या मुलाम्याच्या केबलला दुकानात ‘सीसीए’ म्हणतात. नेटवर्क केबलच्या आंतरराष्ट्रीय मानकांत ती बसत नाही. तिथे तार तांब्याचीच लागते. तरी ती खपते, कारण बॉक्सवर केबलच्या प्रतीचे तेच नाव, ‘कॅट-६’, छापलेले असते आणि भाव बराच कमी असतो. ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. ३०५ मीटरचा बॉक्स उचलून पाहिला तरी वजनातला फरक हाताला कळतो. तार ब्लेडने खरवडली तर अस्सल तांबे आतपर्यंत लालसर दिसते, मुलाम्याखालून पांढरी चमक बाहेर येते. अॅल्युमिनियमची तार दोन-चार वेळा वाकवली की तुटते, हीसुद्धा एक खूण. ही पारख महत्त्वाची, कारण केबलमधली वीज वाढत गेली आहे. केबलमधून वीज नेण्याचे मानक २००३ मध्ये आले तेव्हा स्विचला एका केबलवर १५.४ वॅट देता येत होते. २०१८ च्या मानकाने हा आकडा ९० वॅटपर्यंत नेला. एवढी वीज हलक्या तारेतून खेळवली तर जुडग्यातल्या केबली तापतात. त्यामुळे इथे केलेली काटकसर पैशांपुरती राहत नाही, ती धोक्याची असते.

धातू चांगला असला म्हणजे काम झाले, असेही नाही. केबल सोलली की आत आठ तारा दिसतात, दोन-दोनच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडी दोरीसारखी पिळलेली. हा पीळच त्या केबलचा प्राण आहे. त्याचे मूळ टेलिफोनच्या काळात आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी दोन तारा एकमेकींभोवती पिळण्याच्या युक्तीचे पेटंट १८८१ मध्ये घेतले. जोडीतल्या दोन तारांतून एकच संदेश उलटसुलट रूपात जातो. बाहेरून आलेली खरखर, मग ती लिफ्टच्या मोटारीची असो की शेजारच्या तारेची, पीळ असल्यामुळे दोन्ही तारांवर सारखीच बसते. पलीकडचे यंत्र दोघींतला फरक तेवढा वाचते, त्यामुळे सारखी बसलेली खरखर वजा होऊन जाते. चारही जोड्यांचा पीळ मुद्दाम वेगवेगळ्या मापाचा ठेवतात, म्हणजे त्या एकमेकींच्या कानात बोलत नाहीत.

संगणकांचे जाळे मात्र सुरुवातीला या तारेवर उभे नव्हते. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी मे १९७३ मध्ये ज्या इथरनेटची कल्पना मांडली, त्याची केबल जाड, टीव्हीच्या केबलच्या जातीची होती. पुढे तिची बारीक आवृत्ती आली. नव्वदीच्या दशकात कार्यालयांत काम केलेल्यांना ती आठवत असेल: प्रत्येक संगणकामागे इंग्रजी ‘टी’च्या आकाराचा जोड आणि ओळीच्या दोन्ही टोकांना एकेक टोपी. झाडू मारताना एक जोड निसटला तरी ओळीतले सगळे संगणक ठप्प. १९९० मध्ये पिळाच्या तारेवरचे इथरनेट मानकात आले आणि प्रत्येक संगणकाला स्वतःची वेगळी तार मिळाली. एकाची तार तुटली तर एकाचेच काम अडू लागले.

आता केबलच्या टोकाला बसणाऱ्या कनेक्टरकडे. ज्याला सगळे ‘आरजे-४५’ म्हणतात ते पारदर्शक प्लास्टिकचे बोंडूक दहा-पंधरा रुपयांना मिळते, आणि सर्वांत जास्त बिघाड तिथेच होतात. कारण उघड आहे: कनेक्टर बसवायचा तर पीळ सोडवावा लागतो. तो किती सोडवावा याला मानकात मर्यादा आहे, १३ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम अर्धा इंच. घाईतला कारागीर तारा सरळ करायला सोपे जावे म्हणून दीड-दोन इंच पीळ उकलतो आणि उरलेल्या तारा कनेक्टरबाहेर तशाच लोंबत ठेवतो. मूळ केबल कितीही उंची असो, तेवढ्या तुकड्यात ती साधी तार होते. बाहेरचे आवरणही कनेक्टरच्या आत जायला हवे आणि त्याचा चिमटा आवरणावर दाबला जायला हवा. नाहीतर टेबल सरकवताना बसणारा प्रत्येक हिसका थेट तारांवर येतो.

रंगांच्या क्रमातली एक चूक तर फार फसवी आहे. प्रचलित क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी इथे फाकलेली आहे, तिसऱ्या आणि सहाव्या जागी, आणि तिच्या मधोमध निळी. टेलिफोनच्या जुन्या प्लगात पहिली जोडी मधल्या दोन पिनांवर आणि दुसरी तिच्या दोन्ही बाजूंना असे, तोच वारसा इथे आला. हे ठाऊक नसलेला माणूस सरळ हिशेब करतो: नारिंगी जोडी, मग हिरवी, मग निळी, मग तपकिरी. दोन्ही टोकांना एकच क्रम लावला की साध्या टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागतात आणि काम पास होते. पण तिसरी आणि सहावी तार आता दोन वेगळ्या पिळांतल्या असतात. खरखर वजा होणे थांबते. दोन मीटरवर हे खपून जाते. पन्नास मीटरवर जोडणी सुटू लागते, आणि लोक राउटरला दोष देतात. आठ दिवे फक्त एवढेच सांगतात की तार तुटलेली नाही. पीळ शाबूत आहे की नाही, हे त्यांना कळत नाही.

कनेक्टर तारेप्रमाणे निवडावा लागतो. भिंतीतल्या केबलची तार एकसंध असते. संगणकाजवळच्या मऊ पॅच कॉर्डची तार बारीक तारांची वळलेली असते. दोघींसाठी कनेक्टरचे पाते वेगळ्या घडणीचे असते. शिवाय कॅट-६ ची तार सहसा कॅट-५ई पेक्षा जाड असते. तिला जुने कनेक्टर ठोकून बसवले तर आज चालते आणि वर्षभरात सैल पडते. एकसंध तार वारंवार हलवल्याने मोडते, म्हणून तिचा शेवट भिंतीवरच्या सॉकेटात करावा आणि पुढे कारखान्यात तयार झालेली पॅच कॉर्ड लावावी, ही रीत सर्वांत टिकाऊ. तांब्याच्या केबलची कमाल मर्यादा १०० मीटर सांगतात, तीही याच हिशेबाने: भिंतीतली ९० आणि पॅच कॉर्डची १०.

मग कॅट-५ई घ्यावी की कॅट-६? घरात आणि छोट्या दवाखान्यात कॅट-५ई आजही पुरते. सेकंदाला एक गिगाबिट ती पूर्ण १०० मीटर नेते. दहा गिगाबिट हवे असतील तर कॅट-६ चांगल्या परिस्थितीत ५५ मीटरपर्यंत साथ देते, त्यापुढे कॅट-६ए घ्यावी. भिंत पुन्हा फोडायची नसेल तर नव्या बांधकामात कॅट-६ घालणे शहाणपणाचे. मात्र मुलाम्याच्या कॅट-६ पेक्षा अस्सल तांब्याची कॅट-५ई केव्हाही सरस.

एका इमारतीतून दुसरीत जायचे असेल तर तांबे नकोच. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली की लांब तारेत झटका उतरतो आणि दोन्हीकडची यंत्रे जळतात. ऑप्टिकल फायबर काचेचे, त्यातून वीज वाहत नाही आणि १०० मीटरची अटही नाही. हे काचेचे तंतू आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यांतही तयार होतात. फायबरच्या कनेक्टरचा रंग तेवढा पाहावा. हिरव्याचे टोक आठ अंशांनी तिरके घासलेले असते, निळ्याचे तसे नसते. हिरव्यात निळा घातला तर मध्ये फट राहते आणि प्रकाश गळतो. उघड्या टोकात डोळा लावून मात्र कधीही पाहू नये, त्यातला लेसर डोळ्यांना दिसत नाही.

ज्यांच्याकडे येत्या दिवसांत असे काम निघणार आहे, त्यांनी दोन गोष्टींचा आग्रह जरूर धरावा. केबलच्या बिलावर ‘शुद्ध तांबे’ हे शब्द लिहून घ्यावेत. आणि भिंत बुजवण्यापूर्वी लॅपटॉप घेऊन प्रत्येक पॉइंटवर जावे, जोडणीचा वेग पाहावा. शंभर मेगाबिटला आठपैकी चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. म्हणून लॅपटॉप आणि स्विच दोन्ही गिगाबिटचे असूनही वेग शंभरच दिसला, तर एखादी तार नीट बसलेली नाही असे समजून तो कनेक्टर कापून टाकावा आणि नवा बसवून घ्यावा. कारागीर घरात आहे तोवर या कामाला दहा मिनिटे लागतात.