दाराखालची पाऊण इंच फट

लातूरकर श्रोतेहो,

मी नांदेडचा. माझी मुलगी चार वर्षांपासून ड्रम वाजवते. आमच्या भिंतीला लागून नीटची तयारी करणारी मुलं भाड्यानं राहतात. तुमच्या गावात तर गल्लोगल्ली अशा खोल्या आहेत. अलीकडे ताल, पलीकडे पाठांतर, आणि दोन्हीकडची लेकरं आपलीच. म्हणून कमी पैशात आवाज कसा अडवायचा, ते सांगायला मी आज उभा आहे.

आपल्याकडे वाजवणाऱ्या पोराला आधी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत धाडतात. पण पत्रा हलका. तो स्वतःच थरथरतो आणि सगळ्या आळीला ऐकवतो. आवाज अडतो तो वजनानं. दोन्हीकडून गिलावा केलेली नऊ इंची विटांची भिंत साधारण ५० डेसिबल अडवते. बंद खोलीत ड्रम १०५च्या आसपास जातो. वजाबाकी केली की उरले ५५. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा तेवढीच आहे. रात्री दहा ते सकाळी सहा मात्र ४५. म्हणजे तळमजल्यावरची, पक्क्या भिंतींची आतली खोली निवडली की अर्धं काम फुकटात झालं.

वजनाची गोष्ट निघाली की मला माळवदाची घरं आठवतात. दगडमातीच्या जाडजूड भिंती, वर मातीचं धाबं, आणि आत कशी शांतता! पण तेच वजन ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात झोपलेल्या माणसांच्या अंगावर आलं. तुम्हाला मी ते काय सांगावं? म्हणून हात जोडून विनवतो, आवाजासाठी छतावर माती किंवा वाळूची पोती टाकू नका. नको असलेली खिडकी विटांनी चिणून घ्या, तीही गवंड्याला विचारून, जुन्या भिंतीत नीट सांधून.

अंड्यांचे ट्रे, गाद्या, वाकळा भिंतीला लावल्या की खोलीतला घुमारा कमी होतो, वाजवणाऱ्याच्या कानाला बरं वाटतं. शेजाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नाही, कारण त्यात वजनच नाही. शिवाय कागदी ट्रे भरकन पेटतात.

आता फटी. एका रात्री आम्ही मुलीच्या सरावाच्या खोलीत ट्यूबलाइट चालू ठेवली, बाहेरचे दिवे घालवले आणि दार ओढून घेतलं. दाराखाली उजेडाची लख्ख पट्टी. कुलपाच्या भोकातून एक तिरीप. चौकट आणि भिंत यांच्यामधून केसाएवढी रेघ, थेट वरपर्यंत. जिथून उजेड येतो तिथून आवाज जातो. दार तीन बाय सात फुटांचं, खालची फट पाऊण इंच. क्षेत्रफळ काढलं तर ती दाराच्या एक टक्क्याहूनही थोडी कमी भरते. पण एवढ्याशा फटीमुळं दार कितीही जड केलं तरी त्याची मजल वीसेक डेसिबलच्या पुढं जात नाही! हा हिशेब मांडला तेव्हा मी थक्क झालो.

सुताराकडून उंबऱ्याला लाकडी पट्टी ठोकून घेतली, चौकटीला चारी बाजूंनी रबर लावलं, सांधे सिमेंटनं भरले. पोकळ दारावर १८ मिलिमीटरचं प्लायवुड चढवलं आणि वजन वाढलं म्हणून चौथी बिजागरी बसवली. यात खर्च आहे, पण सगळ्या भिंतींना फोम चिकटवण्यापेक्षा तो योग्य जागी जातो.

पायानं वाजणाऱ्या बास ड्रमचा धक्का फरशीतून भिंतीत शिरतो. वरच्या मजल्यावर असाल तर दोन प्लायवुडच्या मधे टेनिसचे चेंडू बसवून चौथरा करा. चेंडू घरंगळू नयेत म्हणून खालच्या फळीला भोकं पाडून त्यात ते रुतवायचे.

फटी बुजल्या की हवाही बंद होते. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीसच्या वर जातो, अशा वेळी लेकराला कोंडून वाजवायला लावू नका. हवा आत यायला एक आणि बाहेर जायला एक, अशा दोन नागमोडी प्लायवुडच्या पेट्या करा, आतून रॉकवूल लावा, बाहेर जाणाऱ्या पेटीला छोटा पंखा. वळणावळणाला आवाज जिरतो, हवा मात्र जाते.

सगळं झाल्यावर मुलीला वाजवायला बसवलं आणि मी शेजारच्या मुलाच्या टेबलाशी जाऊन बसलो. झांजा ऐकू येत नव्हत्या. बासचा ठोका मात्र येत होता, कारण खालचे सूर भिंतीलाही पुरते आवरत नाहीत. तो म्हणाला, "काका, आठ ते नऊ मी मेसला जातो. तेव्हा ताईला मोकळं वाजवू द्या." तेव्हापासून बास ड्रम आठ ते नऊ. बाकी वेळी ती रबरी पॅडवर हात चालवते.