सैनिकाला केवळ फाटकावर उभे करू नका

(आष्टा येथे माजी सैनिक आणि स्थानिक व्यावसायिक यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे संक्षिप्त शब्दांकन)



सातारा-सांगलीच्या भूमीत सैनिकाची थोरवी सांगणे म्हणजे कृष्णाकाठी पाण्याचे महत्त्व सांगण्यासारखे आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले. त्या गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला. रजेवर आलेल्या जवानाचे स्वागत कसे करावे, हे आपल्या गावांना शिकवावे लागत नाही. परंतु तोच जवान निवृत्त होऊन आपल्या कारखान्यात, पतसंस्थेत वा दूध संघात नोकरीस येतो, तेव्हा आपण त्याला समजून घेतो का? आज एवढ्याच प्रश्नावर बोलणार आहे, आणि आरंभ माझ्याच चुकीपासून करतो.

मी एका कारखान्यात कर्मचारी विभाग सांभाळत होतो. लष्कराच्या पुरवठा शाखेतून निवृत्त झालेले एक हवालदार आमच्या भांडारात रुजू झाले. पहिल्याच महिन्यात नोंदवही आणि प्रत्यक्ष साठा यांत त्यांना तफावत आढळली. त्यांनी ती विभागप्रमुखांना चारचौघांसमोर, जशी होती तशी सांगितली. प्रमुखांना तो अपमान वाटला. सहकारी ‘मेजरसाहेब आले’ म्हणून टोमणे मारू लागले. माझ्याकडे तक्रार आली की, माणूस प्रामाणिक आहे, पण जुळवून घेत नाही. मी त्यांना बोलावून म्हणालो, “ही पलटण नव्हे, जरा समजुतीने घ्या.” त्यांनी शांतपणे विचारले, “साहेब, समजुतीने म्हणजे नेमके काय करू?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी त्यांची बदली फाटकावर केली. तीन महिन्यांनी ते नोकरी सोडून गेले. पुढच्या वार्षिक मोजणीत भांडारातील तीच तफावत कितीतरी पटींनी वाढलेली निघाली.

मित्रांनो, त्यांचा प्रश्न मला पुष्कळ उशिरा कळला. सैन्यात काम देताना ते कोणी करायचे, केव्हापर्यंत करायचे आणि कोणाला कळवायचे, हे स्पष्ट सांगितले जाते. चूक दिसली आणि सांगितली नाही, तर कोणाचा तरी जीव जाऊ शकतो. म्हणून तेथे खरे बोलणे ही शिस्त असते. आपल्या कचेऱ्यांत मात्र निम्मे काम ‘बघू’, ‘होऊन जाईल’ अशा शब्दांवर चालते. ज्याने आयुष्याची पंधरा-वीस वर्षे पहिल्या रीतीने काढली, त्याला दुसरी रीत एका आठवड्यात उमगावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. त्याच्या स्पष्टपणाला आपण ताठरपणा म्हणतो आणि त्याच्या अबोलपणाला घुमेपणा!

दुसरी गोष्ट त्याच्या योग्यतेची. आपण प्रत्येक फौजीला सरसकट ‘मेजर’ म्हणतो, कारण पदांचा अर्थ आपल्याला ठाऊक नसतो. हवालदार म्हणजे साधारण दहा जवानांच्या तुकडीची जबाबदारी वाहिलेला माणूस. त्याने त्यांना शिकवले, त्यांची भांडणे मिटवली आणि त्यांचे कुशलक्षेम पाहिले. कोणी वाहने व यंत्रे दुरुस्त केलेली असतात, कोणी संदेशवहन सांभाळलेले असते, तर कोणी रुग्णसेवा केलेली असते. तो पस्तिशी-चाळिशीत घरी येतो, तेव्हा मुले शाळेत असतात आणि अंगात वीस वर्षांची उमेद असते. अशा माणसासाठी आपल्याला केवळ सुरक्षारक्षकाची काठी सुचते. राखणीचे काम हलके नव्हे. २००२ साली स्थापन झालेल्या मेस्को या महामंडळामुळे हजारो माजी सैनिकांना त्यातून सन्मानाची भाकरी मिळाली आहे. पण सर्वांची योग्यता त्याच एका मापाने मोजणे हा अन्याय आहे.

आष्ट्यावरून जाणारा सांगली-पेठ रस्ता जिथे महामार्गाला मिळतो, त्या पेठचे मुरलीकांत पेटकर आठवा. लष्कराच्या ईएमई शाखेतील हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जबर जखमी झाला आणि कमरेखाली अपंगत्व आले. १९७२ साली पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह त्यांनी पॅरालिम्पिकमधील भारताचे पहिले सुवर्णपदक जिंकले. पुढे पुण्यात टेल्कोमध्ये त्यांनी नोकरी केली. पद्मश्री मात्र २०१८ साली मिळाली. मधल्या काळात चाकाच्या खुर्चीतील या कामगाराकडे पाहून किती जणांना त्यांची खरी ओळख पटली असेल?

शिवछत्रपतींची रीत आपल्यासमोर आहे. अफजलखान प्रसंगानंतर धारातीर्थी पडलेल्यांच्या मुलांना सेवेत घेतले गेले, पुत्रहीन विधवांना निम्मे वेतन बांधून दिले आणि जखमींना बक्षिसे दिली, असे सभासद बखर सांगते. आज राज्य शासनाच्या गट क आणि ड मधील पदांत माजी सैनिकांसाठी १५ टक्के आरक्षण आहे. परंतु शासन जागा देते. त्या जागेवर माणूस रुजवणे हे आपले काम आहे.

यासाठी फार खर्च लागत नाही. नेमणुकीपूर्वी त्याच्या सेवापुस्तकातील कामे नीट वाचा. पहिले सहा महिने एक जुना, समंजस सहकारी त्याच्या सोबतीस द्या. काम सांगताना मुदत आणि अधिकार दोन्ही स्पष्ट सांगा. त्याने चूक दाखवली, तर आधी नोंदवही उघडा, मग त्याच्या बोलण्याच्या पद्धतीविषयी एकांतात सांगा. त्याने न सांगितलेले युद्धाचे अनुभव मात्र चहाच्या टपरीवर करमणूक म्हणून उकरून काढू नका.

माजी सैनिक बांधवांनो, दोन शब्द आपल्यासाठीही. नागरी जीवनात हुकमापेक्षा संवादाने अधिक कामे होतात. न कळलेले विचारण्यात कमीपणा नाही. आपल्या हाताखालचा तरुण जवान नाही. त्याला कारण सांगावे लागते.

हा प्रश्न आता अधिक निकडीचा आहे. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांच्या सेवेनंतर त्यातील जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर कायम होतील, असे योजनेचे स्वरूप जाहीर झाले. म्हणजे बाकीचे पंचविशीच्या आतबाहेर आपल्या दारात उभे राहणार. ती आपल्याच वाड्यावस्त्यांतील मुले आहेत. त्यांना आपण काय देणार, फक्त फाटक की विश्वासाचे काम?

त्या हवालदारांची मी पुढे भेट घेतली आणि क्षमा मागितली. ते हसून म्हणाले, “साहेब, तेव्हा नोंदवही एकदा उघडून पाहिली असती, तरी पुरे होते.” आपण सर्वांनी निदान एवढे करावे, ही विनंती करून थांबतो. जय हिंद!