रसिकाची स्वतःची यादी

संगीताच्या इतिहासात गायकाचे नाव येते, वादकाचे येते, संगीतकाराचे तर येतेच. श्रोत्याचे नाव मात्र सहसा येत नाही. वस्तुतः कोणतेही गीत गायकाच्या कंठातून निघाले म्हणजे त्याचा निम्माच प्रवास झालेला असतो. उरलेला निम्मा प्रवास श्रोत्याच्या मनात व्हावयाचा असतो. तो झाला की नाही, याचा विश्वासार्ह पुरावा म्हणजे रसिकाने आपल्या हाताने तयार केलेली आवडत्या गाण्यांची यादी. ही यादी वहीत लिहिलेली असो, ध्वनिफितीवर उतरवलेली असो अथवा आजच्याप्रमाणे खिशातील मोबाइलमध्ये साठवलेली असो. ती पाहून तिचा मालक कोणत्या मातीतला आहे आणि कोणत्या वाऱ्यावर वाढला आहे, हे बरेचसे ओळखता येते.

या दृष्टीने पांढुर्णा आणि सौंसर या दोन गावांचा परिसर विचार करण्याजोगा आहे. नागपूरपासून रेल्वेने पांढुर्णा सुमारे शंभर किलोमीटर, तर सौंसर सडकेने सुमारे सत्तर. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे त्या वेळच्या मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. जी नागपूर नगरी कालपर्यंत या लोकांची राजधानी होती, ती एका दिवसात परराज्यातील शहर झाली. 2023 साली पांढुर्णा व सौंसर हे तालुके छिंदवाड्यातून वेगळे काढून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. जिल्हे बदलले, राजधानी बदलली. घरातली मराठी आणि पोळ्याचा पाडवा मात्र बदलला नाही.

नकाशावरची रेघ माणसांना अडवते. ध्वनिलहरींना तिचा पत्ता नसतो. नागपूर आकाशवाणी केंद्र 16 जुलै 1948 रोजी सुरू झाले होते. राज्याची सीमा मधे आली तरी केंद्राचा आवाज सीमेपाशी थांबला नाही. मराठी शाळा व मराठी कचेरी ज्यांना दुरावली, त्यांच्या ओसरीवर मराठी भावगीत आणि कीर्तन येण्याची एक वाट उघडी राहिली. त्याच संचावर, सुई थोडी फिरवताच, हिंदी चित्रपटगीतेही येत. दोन भाषांच्या उंबरठ्यावर वाढलेल्या रसिकाची आवड अशी आरंभापासूनच दुपदरी घडली.

त्या काळी आवड प्रकट करण्याचे साधन होते साधे पोस्टकार्ड. 1952 साली आकाशवाणीवरून चित्रपटगीतांची जवळजवळ हकालपट्टी झाली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. श्रोत्यांनी गीतांचा क्रम लावून पाठवावा, अशी तिची मूळ कल्पना होती. पत्रांचा असा पूर लोटला की देशाची आवड काय आहे, हे सरकारी धोरणापेक्षा टपालाच्या थैल्यांवरून अधिक स्पष्टपणे कळू लागले. 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारतीचा आरंभ झाला, त्यामागे या थैल्यांचेही बळ होते. पुढे मराठी केंद्रांवर ‘आपली आवड’सारखे कार्यक्रम रुजले. आपल्या गावाचे नाव निवेदकाच्या तोंडून ऐकण्यासाठी कितीतरी लोक कार्डांमागून कार्डे पाठवीत. छोट्या गावाला हा मान फार मोठा वाटे. तथापि या व्यवस्थेत श्रोता मागणारा होता, निवडणारा नव्हता. गाणे केव्हा लागेल व कोणत्या गाण्यानंतर लागेल, हे त्याच्या हाती नव्हते.

ती सत्ता त्याच्या हाती दिली ध्वनिफितीने. फिलिप्स कंपनीने 1963 साली लहान डबीतील फीत बाजारात आणली; आपल्याकडे तिचा सुकाळ झाला तो 1980 नंतरच्या दशकात. गावोगावच्या दुकानांत कोरी कॅसेट द्यावी, सोबत कागदावर गाण्यांची यादी द्यावी, आणि दोन दिवसांनी आपल्या मनासारखी भरलेली कॅसेट घरी आणावी, असा रिवाज पडला. कायद्याला तो मान्य नव्हता; 1984 साली स्वामित्वहक्काचा कायदा दुरुस्त करून अशा नकलांविरुद्ध शिक्षा कडक करण्यात आल्या. पण त्या कागदी याद्यांनी रसिकाला एक शिस्त लावली, हेही खरे. साठ मिनिटांची फीत म्हणजे एका बाजूस तीस मिनिटे. त्यात सहा-सात गाणी मावणार. म्हणजे आठवे आवडते गाणे बाहेर ठेवावे लागणार. घेणे सोपे असते, सोडणे अवघड. काय सोडावे हे ठरवताना माणसाला आपली आवड प्रथमच नीट कळते. क्रम लावतानाही तेच. एका गाण्याची लय ओसरत असता दुसरीने ती अलगद उचलावी, भजनानंतर लगेच उडते गीत येऊन रसभंग होऊ नये, हा विचार मैफलीचाच विचार आहे.

अशा याद्यांचे आणखी एक कार्य आहे, आणि ते अधिक मोलाचे आहे. बाजार जे टाकून देतो, ते रसिक जपून ठेवतो. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वादक चरणजित सिंग यांनी 1982 साली विद्युत्-वाद्यांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून एक ध्वनिमुद्रिका काढली. त्यांच्याजवळील रोलँड कंपनीच्या एका यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. आपल्या मींडेशी तिचे नाते जुळले आणि यंत्रातून भैरव उमटला. त्या काळी मुद्रिकेकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही. शिकागो येथे त्याच यंत्रातून ‘ॲसिड हाऊस’ हा संगीतप्रकार निघाला, तो काही वर्षांनंतर. पुढे एका डच संग्राहकाच्या हाती ती जुनी मुद्रिका लागली आणि 2010 साली तिचे पुनर्मुद्रण झाले. मग जगभरच्या जाणकारांनी माना डोलावल्या. 2015 साली चरणजित सिंग निवर्तले. निदान अखेरच्या काही वर्षांत त्यांना ही दाद ऐकावयास मिळाली. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 साली उभारलेल्या विद्युत्-संगीताच्या कार्यशाळेतील ध्वनिफितींची कथाही अशीच. त्या दशकानुदशके कपाटात पडून होत्या. निवडक भाग 2023 साली प्रसिद्ध झाला. ही दोन्ही उदाहरणे सांगतात ते एवढेच, की एका माणसाची चिकाटीची आवड कधीकधी एका कलाप्रकाराची स्मृती वाचवते.

आजचा पांढुर्ण्याचा तरुण याच परंपरेचा वारस आहे. त्याच्या यादीत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजने असू शकतात, आणि महाराजांनी मराठी व हिंदी या दोन्ही भाषांत रचना केल्यामुळे ती या परिसराला विशेष शोभतात. त्यांच्या शेजारी ‘इंडियन ओशन’ या वाद्यवृंदाचे नर्मदेवरचे ‘मा रेवा’ असू शकते. आणि त्याच्याही पुढे 2024 साली गाजलेले क्रेटेक्स व श्रेयस यांचे ‘तांबडी चामडी’, ज्यात मराठी शब्द युरोपीय नृत्यगृहांच्या ठेक्यावर स्वार झाले आहेत. वडीलधाऱ्यांना ही सरमिसळ खटकेल. परंतु खंजिरीचा ठेका आणि यंत्राचा ठेका यांत वैर असलेच पाहिजे असे नाही. दोन्ही आवर्तनावर उभे आहेत, आणि दोन्ही समूहाला एका लयीत बांधतात.

चिंता करावयाची असेल तर ती वेगळ्याच गोष्टीची करावी लागेल. आता गाण्यांचा तुटवडा नाही. कोट्यवधी गाणी बोटाच्या अंतरावर आहेत. म्हणूनच निवडीचा शीण नको वाटतो, आणि पुढचे गाणे कोणते हे यंत्र ठरवू लागते. यंत्राचा हिशेब बहुसंख्येकडे झुकणारा असतो. ज्या प्रांतात राहता तेथे अधिक लोक जे ऐकतात, ते पुढे सरकवले जाण्याचा संभव मोठा. बहुसंख्य हिंदी भाषिकांच्या राज्यात राहणाऱ्या मराठी घराला याचा अर्थ समजावून सांगावयास नको. शाळेतून व कचेरीतून जी भाषा आधीच मागे सरली, ती कानांतूनही हळूहळू, कुणाच्या आज्ञेवाचून आणि कुणाच्या तक्रारीवाचून मागे सरेल. हिंदीशी भांडून हे टळणार नाही. हिंदी ही या परिसराची दुसरी आई आहे. ते टळेल स्वतः निवड करण्याने.

म्हणून सौंसर-पांढुर्ण्याच्या घरोघरी अशी एकेक यादी व्हावी. ती मोठी नसावी. जुन्या फितीइतकी, तासाभराची पुरे. तीत आजीच्या ओठांवरची जात्यावरची ओवी ध्वनिमुद्रित करून ठेवावी, पोळ्याच्या झडत्या ठेवाव्यात, नव्या पोरांची विद्युत्-धून ठेवावी, आणि प्रत्येकापुढे ते कोणाचे व कधीचे हे दोन शब्द लिहून ठेवावेत. दुकानातली गाणी पुन्हा मिळतील. आजीची ओवी मात्र तिच्याबरोबर गेली तर जगातल्या कोणत्याही भांडारात सापडणार नाही. यादीतील पहिली जागा तिला मिळावी.