कोथरूडचा आमदार कोण ठरवतो?
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



विधानसभेच्या यादीत 210 या क्रमांकापुढे कोथरूडचे नाव आहे. हे नाव जुने नाही. 2001 च्या जनगणनेच्या आधारे मतदारसंघांची पुनर्रचना झाली, तिचा आदेश 2008 साली निघाला आणि 2009 साली कोथरूडने प्रथमच स्वतःच्या नावाचा आमदार निवडला. त्या पुनर्रचनेत बोपोडी आणि भवानी पेठ ही नावे गेली. कोथरूड, वडगाव शेरी, खडकवासला ही आली. शहराचा भार पेठांकडून उपनगरांकडे सरकल्याची ती सरकारी कबुलीच होती.

तत्पूर्वी कोथरूड शिवाजीनगर मतदारसंघात मोडत असे. 1990 आणि 1995 साली तेथून निवडून आलेले शशिकांत सुतार हे मूळ कोथरूडचेच. म्हणजे मतदारसंघ नव्हता तेव्हा कोथरूडचा माणूस आमदार आणि मंत्रीही झाला. मतदारसंघ झाल्यावर काय घडले, ते पाहण्याजोगे आहे.

2009 साली शिवसेनेचे चंद्रकांत मोकाटे निवडून आले. 2014 मध्ये युती तुटली आणि भारतीय जनता पक्षाच्या मेधा कुलकर्णी यांनी त्यांचा साठ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. एवढ्या मताधिक्याने आलेल्या आमदाराची उमेदवारी पुढच्या खेपेस निश्चित मानली जाते. परंतु 2019 साली ती पक्षाचे तत्कालीन प्रदेशाध्यक्ष, कोल्हापूरचे चंद्रकांत पाटील यांना देण्यात आली. पाटील हे पुणे पदवीधर मतदारसंघाचे आमदार होते, त्यामुळे त्यांना पुणे अगदीच परके नव्हते, हे मान्य केले पाहिजे. तथापि प्रश्न व्यक्तीचा नाही. ज्या मतदारांनी कुलकर्णी यांना निवडले, त्यांना या बदलाविषयी कोणी विचारले, हा प्रश्न आहे. विरोधकांचे वर्तनही याहून निराळे नव्हते. काँग्रेस आणि राष्ट्रवादी काँग्रेस यांनी स्वतःचा उमेदवार न देता मनसेच्या किशोर शिंदे यांना पाठिंबा दिला. निम्म्याहून कमी मतदार मतदानाला गेले. पाटील पंचवीस हजारांवर मतांनी विजयी झाले. 2024 साली हे मताधिक्य एक लाखाच्या पुढे गेले.

'सुरक्षित मतदारसंघ' हा शब्द पक्ष कचेऱ्यांत कौतुकाने उच्चारला जातो. सुरक्षित कोणासाठी? केळेवाडी, सुतारदरा, किष्किंधानगर या टेकडीउतारावरील वस्त्यांना या सुरक्षिततेचा उपयोग नाही. ज्याची जागा हमखास आहे, त्याला चढावरच्या नळाची चिंता वाहण्याचे राजकीय कारण उरत नाही. पुण्याने असली हमखास गणिते एकदा मोडली होती. 1957 साली संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर ना. ग. गोरे यांनी काकासाहेब गाडगीळ यांना लोकसभेच्या निवडणुकीत हरवले आणि एस. एम. जोशी विधानसभेत गेले. ती मते घरोघर हिंडून मिळवलेली होती.

वस्तुतः नळ, गटार, रस्ता ही कामे नगरसेवकाची. पण मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी 2026 पर्यंत निवडणूकच झाली नाही. आयुक्त हेच प्रशासक झाले. सप्टेंबर 2022 पासून वर्षभर कोथरूडचे आमदारच जिल्ह्याचे पालकमंत्रीही होते. गल्लीतला तक्रारदार आणि मंत्रालय यांच्यामध्ये निवडून आलेले दुसरे माणूस जवळपास उरले नाही. चार वर्षे नगरसेवक नसताना शहरात त्याविरुद्ध मोठे आंदोलन उभे राहिले नाही, याची जबाबदारी विरोधी पक्षांच्या कार्यकर्त्यांनीही आपल्याकडे घेतली पाहिजे.

मतदारसंघांच्या सीमा आजही 2001 च्या शिरगणतीवर उभ्या आहेत. 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेनंतर त्या पुन्हा आखण्याचा मार्ग मोकळा होतो. मागील आयोगाने मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवल्या होत्या. पुढील मसुदा येईल तेव्हा कोणती वस्ती कोणत्या बाजूला पडते हे नकाशावर बोट ठेवून सांगू शकणारे चार कार्यकर्ते प्रत्येक वस्तीत असावेत. आणि त्या कामाला मसुदा येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही.