रोजच्या दिवसाचें पान

(धर्मग्रामाच्या शताब्दी-महोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंब-संमेलनांत एका निवृत्त शिक्षकानें दिलेलें व्याख्यान)



शताब्दीच्या तयारींतील कांहीं काम माझ्याकडे आलें, तेव्हां आपल्या चर्चच्या जुन्या नोंदवह्या चाळण्याची संधि मला मिळाली. विवाहाची नोंद धर्मगुरूनें पुस्तकांत लिहून ठेवावी असा नियम ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें 1563 सालीं केला. ती शिस्त आपल्याकडेही निष्ठेनें पाळली गेली आहे. त्या वह्यांत माझ्या वडिलांसाठीं एकंदर तीन ओळी खर्चीं पडल्या आहेत. 1931 सालीं बाप्तिस्मा, 1957 सालीं विवाह, 1998 सालीं दफन. ह्या तीन ओळींच्या पोटांत 67 वर्षें आहेत, म्हणजे 24,000 हून अधिक दिवस. त्या दिवसांविषयीं वही कांहीं बोलत नाहीं, आणि त्यांत तिचा दोषही नाहीं. ते दिवस टिपून ठेवणें हें घराचें काम होतें, व आमच्या घरानें तें केलें नाहीं.

वडिलांचीं अकरा छायाचित्रें आमच्याकडे आहेत. अकराही ठिकाणीं त्यांच्या अंगावर कोट आहे. मीं त्यांना कोटांत पाहिलें तें बहुधा तेवढ्याच वेळां! एरव्हीं ते वाडींत, केळींच्या रांगांमधून, कमरेस पंचा गुंडाळून व हातांत कोयता घेऊन वावरत असत. दुपारीं बावखलाच्या कांठीं बसून पाय धूत, आणि मग घरांत येऊन पहिला शब्द बोलत तो चहाविषयीं. परंतु त्या वेषांत त्यांचा फोटो घ्यावा असें ना त्यांना वाटलें, ना आम्हांस. फिल्म महाग असे आणि ती लग्नकार्यासाठीं राखून ठेवावी लागे.

आज ती अडचण उरली नाहीं. तिच्या उलट बाजूची अडचण आली आहे. प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा आहे, मोबाईलमध्यें हजारों चित्रें आहेत. पण त्यांतलें नेमकें एक शोधा म्हटलें तर अर्धा तास जातो, आणि सांपडलें तरी तें कधींचें, कोणाकडचें, हें सांगणारा एक शब्द त्याच्याबरोबर नसतो. म्हणून मी आज ज्या वहीविषयीं बोलणार आहें ती केवळ चित्रांची वही नव्हे. चित्र, त्याच्याजवळ चार ओळींचा मजकूर, आणि वर एक मथळा, असें एकेक पान करून संगणकावर रचलेली ती चिकटवही आहे.

चिकटवही हा शब्द आपणांस शाळेपासून ठाऊक आहे. पाश्चात्त्य देशांत ही हौस फार जुनी. मार्क ट्वेन ह्या प्रसिद्ध विनोदी लेखकानें 1873 सालीं, आधींच डिंक लावून ठेवलेल्या पानांच्या चिकटवहीचें पेटंट घेतलें होतें. पुढें 1980 सालीं अमेरिकेंत सॉल्ट लेक सिटी येथें वंशावळी व कौटुंबिक नोंदी ह्या विषयावर जागतिक परिषद भरली, तींत मॅरिएलेन क्रिस्टेन्सन ह्या बाईंनीं आपल्या कुटुंबाच्या पन्नासांवर वह्या मांडल्या. त्यांच्या मॉर्मन पंथांत वंशावळ राखण्यास मोठें महत्त्व आहे. त्या प्रदर्शनानंतर ह्या हौसेचा बघतां बघतां मोठा व्यापार झाला, आणि संगणक घरोघर आल्यावर कागद, कात्री व डिंक हीं तिन्हीं साधनें पडद्यावर जाऊन बसलीं.

आपल्या खाऱ्या, दमट हवेंत कागदी वहीचे हाल मीं सांगावयास नकोत. बुरशी, कसर, वाळवी ह्या तिघी बहिणी आहेतच. त्यांत भर पडली ती पूर्वींच्या चिकट पानांच्या आल्बमांची. वर प्लॅस्टिकचा पडदा आणि खालीं चिकट रेघा असलेले ते आल्बम आपण मोठ्या हौसेनें आणले. पुढें तो चिकटा पिवळा पडला, फोटो त्याला घट्ट धरून बसले, आणि ओढूं जावें तर फाटूं लागले.

संगणकावरील पानाची कृति दिसते तितकी अवघड नाहीं. रूढ माप बारा इंच चौरसाचें. छापल्यावर चित्र सुबक दिसावें म्हणून इंचास 300 ठिपके धरतात; म्हणजे एका बाजूस 3,600 आणि सबंध पानांत 1,29,60,000 ठिपके होतात. हा आंकडा घाबरविण्यासाठीं सांगत नाहीं. लहान पानापासून मोठें पान छापतां येत नाहीं, मोठ्यापासून लहान केव्हांही येतें, एवढाच त्याचा अर्थ. साधन म्हणून फोटोशॉप आहे, तें 1990 सालीं निघालें व त्यास पैसे पडतात. 1996 पासून मिळणारें गिंप फुकट आहे. आणि 2013 सालीं सुरू झालेलें कॅनव्हा तर आपल्या मुली मोबाईलवर लीलेनें चालवितात. ह्यांपैकीं कोणतेंही घ्या, मुख्य कल्पना थरांची आहे. पारदर्शक कागदांची चळत डोळ्यांपुढें आणा: सर्वांत खालीं पार्श्वभूमीचा कागद, त्यावर फोटो, त्यावर मजकूर. एक थर हलविला तरी दुसऱ्यास धक्का लागत नाहीं. फोटोच्या कडेखालीं बारीकशी सावली घातली म्हणजे तो खरोखर कागदावर ठेवल्यासारखा दिसतो. ही सावलीही यंत्र एका टिचकीसरशी देतें. मात्र सर्व वस्तूंची सावली एकाच दिशेस पडावी, नाहीं तर पान खोटें वाटतें.

मराठी मजकूर युनिकोडमध्येंच लिहावा. मीं आरंभीं केलेल्या पानांचा मजकूर जुन्या पद्धतीच्या टंकांत होता. नवा संगणक आला आणि त्याचीं सर्व अक्षरें निरर्थक चिन्हें होऊन बसलीं. सात पानें मला आठवून आठवून पुन्हां लिहावीं लागलीं.

सजावटीविषयीं माझें मत थोडें कडक आहे. बाजारांत तयार संच मिळतात. त्यांत फिती, बटणें, फुलें, जाळीच्या किनारी सर्व कांहीं असतें. पहिल्या वर्षीं मीं, आई बोंबील साफ करीत बसली आहे अशा एका चित्राभोंवतीं गुलाबी जाळी आणि मोत्यांचीं बटणें लावलीं होतीं. आईनें तें पाहून विचारलें, "हे बोंबील लग्नाला निघालेत कां?" तेव्हांपासून मी साध्या कागदावर काम करितों.

मग पानांत घालावें काय? ओरेगॉनमध्यें राहणाऱ्या ॲली एडवर्ड्‌स ह्या बाईंनीं वर्षांतला कोणताही एक साधा आठवडा घेऊन, त्याचे सातही दिवस टिपून ठेवण्याची एक पद्धत लोकप्रिय केली आहे. ती मला फार आवडते; कारण तींत सण निवडण्यास वाव नाहीं. सोमवार येतो तो सोमवारासारखाच येतो. उंबऱ्याबाहेरच्या चपला, मुलाचा शाळेचा डबा, वाण्याची चिठ्ठी, विजेचें बिल, भिंतीवर पेन्सिलीनें केलेल्या मुलांच्या उंचीच्या खुणा, पापलेट त्या दिवशीं काय भावानें मिळालें, सायंकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं कोणास झोप आली. हें सर्व आज आपणांस क्षुल्लक वाटतें. वडिलांचा पंचाही आम्हांस तसाच वाटत होता.

मजकूर लिहितांना एक पथ्य पाळावें. चित्रांत जें दिसतें तेंच पुन्हां लिहूं नये. "ही आमची विहीर" असें लिहून काय उपयोग? विहीर दिसतेच आहे. रहाट जाऊन मोटर कोणत्या वर्षीं बसली, पाणी खारें लागूं लागलें तेव्हां घरांत काय बोलणें झालें, तें लिहावें. फोटो कोणी काढला हेंही लिहावें. कारण काढणारा मनुष्य चित्रांत नसतो, आणि बहुतेक घरांत काढणारा नेहमीं एकच असतो. आणखी एक: लहान मुलांचीं व आजारी माणसांचीं पानें घरापुरतींच ठेवावीं. आपला नातू न्हातांना गोड दिसतो हें खरें, परंतु तो उद्यां वीस वर्षांचा होणार आहे.

आतां जें सांगावयाचें तें सांगण्यास मला थोडें कठीण जात आहे. पण तें गाळलें तर हें व्याख्यान देण्याचा मला अधिकार राहणार नाहीं.

1996 सालच्या मे महिन्यांत मीं आमच्या अंगणांत एक फोटो काढला होता. बाटलीच्या मसाल्यासाठीं मिरच्या चटईवर वाळत घातल्या आहेत, आई व माझी पत्नी त्या पसरीत आहेत, माझी मुलगी चटईच्या टोंकाशीं बसली आहे, आणि डाव्या बाजूस माझा धाकटा भाऊ उभा आहे. सकाळची वेळ, ऊन तिरपें. वडील गेल्यावर वाडीच्या वांटणीवरून आम्हां भावांत वितुष्ट आलें. 2009 पासून आमचें बोलणें बंद झालें. मिसेला आलों तरी तो उजव्या बाजूच्या बांकावर बसे व मी डाव्या. आपणांपैकीं पुष्कळांनीं तें पाहिलेलें आहे.

2012 सालीं आईस 75 वर्षें पूर्ण झालीं. तिला भेट म्हणून मीं त्या फोटोचें पान करावयास घेतलें. फोटो स्कॅन केला, मोठा केला, आणि भाऊ समोर आला. संगणकांत एक कुंचला असतो. शेजारची जागा उचलून ती नको असलेल्या जागेवर सारवावयाची. मीं अंगणाची माती उचलली व त्याच्यावर सारवली. कुंपणाचा भाग उचलून त्याच्या डोक्याच्या जागीं लावला. वीस मिनिटांचें काम होतें. तें फार सफाईनें झालें असें मला त्या वेळीं वाटलें, हें मी लपवीत नाहीं. पान छापून, चौकट करून आईस दिलें. तिनें तें पुष्कळ वेळ पाहिलें, मग मिरच्यांवर बोट ठेवलें व विचारलें, "ही सावली कुणाची रे?"

मनुष्य पुसला होता, पण मिरच्यांच्या तांबड्या रंगावर पडलेली त्याची लांब सावली माझ्या ध्यानांतच आली नव्हती. मीं म्हटलें, "झाडाची असेल." ती पुढें कांहीं बोलली नाहीं. चौकट भिंतीवर लागली.

2016 च्या पावसांत फोटोंच्या ट्रंकेंत पाणी शिरलें. आंतले फोटो एकमेकांस चिकटून त्यांचा लगदा झाला. त्यांत हा मूळ फोटोही गेला. 2019 सालीं माझा भाऊ अचानक वारला. दफनविधीनंतर तिसऱ्या दिवशीं माझा पुतण्या आमच्याकडे आला. कितीतरी वर्षांनीं त्यानें आमचा उंबरा ओलांडला होता. तो म्हणाला, "काका, पप्पांचा तरुणपणचा आजीबरोबरचा एखादा फोटो तुमच्याकडे असेल." मीं संगणक उघडला. त्या वेळीं मला कळलें कीं, पुसाफुशी केल्यावर मीं ती फाईल मूळ स्कॅनच्याच नांवानें जतन केली होती. मूळ चित्राची दुसरी प्रत कोठेंही नव्हती. पुतण्याच्या हातीं देण्यास माझ्याजवळ त्याच्या बापाची सावली तेवढी होती.

मीं त्याला सर्व सांगितलें. तो बराच वेळ गप्प बसला, आणि मग म्हणाला, "तेंच द्या."

नुसतें तें द्यावें असें मला वाटेना. मीं नवीन पान करावयास घेतलें व आईजवळ जाऊन बसलों. भाऊ त्या दिवशीं तेथें उभा कां होता, हें मला आठवत नव्हतें. तिला आठवत होतें. तो पहांटेच्या गाडीनें भाजी घेऊन दादरच्या बाजारांत गेला होता व नुकताच परतला होता. रात्रभर झोप नव्हती. आईनें त्याला आंत जाऊन पडावयास सांगितलें, तर तो म्हणाला, "आधीं पोतें उतरूं दे, मग झोपतों." त्या चटईवरच्या मिरच्या त्यानेंच ओतल्या होत्या. ही हकीकत तिच्या शब्दांत मीं पानावर घातली. सावलीच्या कडेनें एक बारीक पांढरी रेघ ओढली, शेजारीं त्याचें नांव लिहिलें, आणि खालीं हेंही लिहिलें कीं, 2012 सालीं मोठ्या भावानें त्याला ह्या चित्रांतून काढून टाकलें. पानाच्या तीन प्रती छापल्या. एक पुतण्याकडे आहे, एक माझ्याकडे. तिसरी आईनें आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकांत राहावी म्हणून लहान करून मागितली.

तेव्हांपासून माझे कांहीं नियम आहेत. मूळ स्कॅन निराळ्या फोल्डरमध्यें ठेवतों आणि त्यावर कधींही काम करीत नाहीं. काम नेहमीं प्रतीवर. थर असलेली फाईल वेगळी जपतों; कारण जेपेग प्रकारच्या फाईलींत सर्व थर एकच होऊन जातात, आणि ती बदलून पुन्हां पुन्हां जतन केली म्हणजे दर वेळीं थोडी थोडी झिजते. प्रत्येक वस्तूच्या तीन प्रती: एक संगणकावर, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि एक दुसऱ्याच्या घरीं. माझी तिसरी प्रत पुतण्याच्या घरीं असते व त्याची माझ्याकडे.

येत्या दोन रविवारीं दुसऱ्या मिसेनंतर मी व कांहीं तरुण मंडळी स्कॅनर घेऊन शाळेच्या सभागृहांत बसणार आहोंत. फोटो घेऊन या, पण एका वेळीं वीसांहून अधिक आणूं नका. आल्बमास चिकटलेला फोटो ओढून काढूं नका. आल्बमच घेऊन या, तेथेंच त्याचें चित्र घेऊं. मागें नांवें लिहावयाचीं असल्यास मऊ पेन्सिलीनें, हलक्या हातानें लिहा. आणि घरांत कोणी वृद्ध माणूस असेल, तर फोटोंबरोबर त्यालाही घेऊन या. खुर्च्या ठेवलेल्या आहेत.