जर, तर आणि अर्धा कोयता



संगणकाच्या 'सी' भाषेतील एका प्रश्नचिन्हावर वसंतातील संध्याकाळ खर्ची घालावयाची, हे ऐकून आपल्यापैकी कित्येकांच्या कपाळाला आठी पडली असेल. परंतु जर-तर हा आपल्याला परका विषय नव्हे. 'पाऊस पडला असता, तर पीक आले असते' हे संकेतार्थाचे उदाहरण आपण शाळेत घोकले आहे, आणि बीड जिल्ह्यात ते कोणाला समजावून सांगावे लागत नाही. यंत्राला मात्र त्यातील हळहळ कळत नाही. अट या क्षणी खरी की खोटी, एवढेच ते पाहते. 'सी'मध्ये शून्य म्हणजे खोटे. शून्याहून वेगळे जे काही असेल ते सारे खरे.

ही भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडविली. तीत अट मांडण्याच्या ज्या वाटा आहेत, त्यांपैकी दोनच आज पाहू. पहिली 'इफ' आणि 'एल्स' यांची, म्हणजे 'जर' आणि 'नाहीतर' यांची. दुसरीला टर्नरी ऑपरेटर म्हणतात. आम्ही तिला त्रिपदी म्हणू. आधी अट, मग प्रश्नचिन्ह, मग अट खरी असल्यास घ्यावयाची किंमत, मग विसर्गासारखी दोन टिंबे, आणि शेवटी अट खोटी असल्यास घ्यावयाची किंमत. पहिली वाट ही आज्ञा आहे; दुसरीतून मूल्य निघते. अटीतून मूल्य काढण्याची ही युक्ती रिची यांच्या आधीची. १९६० च्या अल्गोल भाषेत ती आढळते.

आता उदाहरण आपल्याच मातीतले घेऊ. धारूर, वडवणी, पाटोदा या भागांतून दरवर्षी हजारो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाच्या हिशेबात नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि एकटे माणूस म्हणजे अर्धा. उचल कोयत्यावर ठरते. समजा, ही वही आम्ही संगणकावर चढविली आणि लिहिले की, जर जोडी असेल तर कोयता १. 'नाहीतर' लिहावयाचे राहिले. भाषा तक्रार करीत नाही. पुढची ओळ एकट्या बाईची आली, तर त्या खान्यात आधीच्या माणसाचा आकडा तसाच राहू शकतो. 'इफ'मध्ये 'एल्स' गाळता येतो, म्हणून ही चूक घडते.

त्रिपदीत तसे चालत नाही; तिसरे पद लिहिलेच पाहिजे. मराठी वळणाने मांडावयाचे तर असे:

कोयता = जोडी ? १ : ०.५;

दिसावयास हे किती नेटके! पण 'कोयता' हा खाना आम्ही 'इंट' म्हणजे पूर्णांकाचा ठरविला असेल, तर त्यात अर्धा मावत नाही. यंत्र तो जवळच्या अंकाला नेत नाही, दशांशचिन्हापुढचे सरळ कापून टाकते. उरते शून्य. उचलीच्या रकमेला शून्याने गुणले की त्या बाईच्या नावावर काहीच नाही. आणि भाषेच्या नियमांप्रमाणे यात चूक कोठेच झालेली नाही! ०.५ ऐवजी १ भागिले २ लिहावे, तर तेही दोन पूर्णांक. भागाकार पुन्हा शून्यच.

खाना 'डबल' म्हणजे दशांशाचा केला की हे संकट टळते. (एका त्रिपदीच्या पोटात दुसरी, तिच्या पोटात तिसरी घालण्याची हौस काहींना असते. ती आम्हांस पटत नाही; महिन्याने ते वाक्य ज्याने लिहिले त्यालाच लागत नाही. तेथे साधा 'इफ' बरा.)

पण दुसराही एक उपाय आहे. कोयते न मोजता माणसे मोजावीत: जोडी ? २ : १. दर माणशी ठरवावा. दोन्हीकडे पूर्णांक, कापण्यासारखे काही उरतच नाही. मात्र मग जोडीसाठी वहीत एक ओळ धरावयाची की दोन, आणि दोन धरल्या तर दुसऱ्या ओळीवर बाईचे नाव लिहून तिचे पैसे तिच्या हाती द्यावयाचे की नाहीत, हे संगणकाला सांगण्यापूर्वी मुकादमाला विचारावे लागेल.